चेहरा न दाखवता चरित्र : पैगंबरांवर मराठी माहितीपट कसा करावा

हजरत मुहम्मद पैगंबरांवर माहितीपट करायचा म्हटलं की कॅमेरा आणि संहिता हे प्रश्न नंतरचे. पडद्यावर काय येणार नाही, हे सगळ्यात आधी ठरवावं लागतं. ते ठरलं की बाकीची कामं आपोआप रांगेला लागतात. ते अर्धवट सोडलं, तर शूटिंग संपल्यावर एडिटिंगच्या टेबलावर केलेली मेहनत कापून टाकायची वेळ येते.

इथली मांडणी 40 मिनिटांच्या माहितीपटाची आहे. चार-पाच जणांची टीम, दोन कॅमेरे, मराठवाड्यातली ठिकाणं, आणि मराठी समजणारा कुणीही प्रेक्षक, मुसलमान असो वा नसो.

काय दाखवायचं नाही

पैगंबरांचा चेहरा दाखवायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. घोटाळा होतो तो त्याच्या आजूबाजूच्या पळवाटांमध्ये. पाठमोरी आकृती, सावली, उंटाचा लगाम धरलेला हात, चालणारी पावलं, चेहऱ्याच्या जागी प्रकाशाचा गोळा, असलं काही नको. नटाच्या आवाजात ‘मी’ म्हणून त्यांचे शब्द वदवणंही नको. त्यांच्या घरातली माणसं, अबू बक्र, उमर, उस्मान, अली आणि इतर सहाबा (पैगंबरांचे सोबती) यांना दाखवण्याबद्दल मुस्लिम समाजातच वेगवेगळी मतं आहेत. त्या वादात न पडण्याचा साधा मार्ग म्हणजे चित्रपटात नट घ्यायचाच नाही. चौदाव्या शतकापासूनच्या काही इराणी आणि तुर्की हस्तलिखितांत पैगंबरांची चित्रं आहेत. कलेच्या इतिहासात त्यांना जागा आहे, आपल्या पडद्यावर नको. संगणकाकडून तयार करून घेतलेली चित्रं तर पूर्णपणे टाळा. अशी साधनं ‘मक्केचा जुना बाजार’ एवढं मागितलं तरी मध्यभागी एक तेजस्वी, दाढीवाला पुरुष उभा करू शकतात, आणि प्रेक्षक त्याला पैगंबरच समजणार.

हे ठरलं की एका कागदावर लिहून टीममधल्या प्रत्येकाची सही घ्या. पोस्टर करणारा आणि यूट्यूबचं थंबनेल करणारा मुलगाही त्यात धरा. चित्रपट निर्दोष असतो आणि थंबनेल गावभर भांडण लावतं, असं होऊ शकतं.

मग दाखवायचं काय? भरपूर आहे. जमीन, पाणी, विहीर, तराजू, खजूर, मातीची भिंत, नकाशा, हस्तलिखितांची पानं, तारे, आणि जाणकारांचे चेहरे. मराठवाड्यात यातलं बरंचसं हाताशी आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

संहिता : प्रत्येक वाक्याला बूड हवं

संहिता लिहिताना पानाच्या उजवीकडे एक उभा रकाना ठेवा. प्रत्येक विधानासमोर चारपैकी एक खूण करा: कुरआन, हदीस, सीरत, लोकपरंपरा. हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, सीरत म्हणजे चरित्रग्रंथ. सगळ्यात जुनं मोठं चरित्र इब्न इसहाक यांचं. त्यांचं निधन हिजरी 150 च्या सुमारास झालं, आणि त्यांचा ग्रंथ आज मुख्यतः इब्न हिशाम यांच्या संपादनातून वाचायला मिळतो. म्हणजे घटना आणि लेखन यांच्यात शंभराहून जास्त वर्षं गेली आहेत. माहितीपटाने हे प्रेक्षकाला एकदा सरळ सांगावं. त्याने श्रद्धेला बाधा येत नाही आणि अभ्यासकाचा विश्वास बसतो.

या चार खुणांवरून निवेदनाचं क्रियापद ठरतं. ‘कुरआनात उल्लेख आहे’, ‘हदीसमध्ये आलं आहे’, ‘चरित्रकार लिहितात’, ‘लोक सांगतात’. उदाहरण घ्या मक्केजवळच्या सौर नावाच्या गुहेचं, जिथे मक्का सोडताना पैगंबर आणि अबू बक्र लपले होते. गुहेतले दोघे आणि ‘दुःख करू नकोस, अल्लाह आपल्याबरोबर आहे’ हे शब्द कुरआनात आहेत, सूरह (अध्याय) 9, आयत (वचन) 40. गुहेच्या तोंडावरचं कोळ्याचं जाळं काही रिवायतींत (परंपरेने आलेल्या कथनांत) येतं, पण त्यांच्या सनदेबद्दल, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीबद्दल, हदीसतज्ज्ञांत मतभेद आहेत. कबुतरांची गोष्ट त्याहून कमकुवत. तिन्ही गोष्टी एकाच ठाम सुरात सांगितल्या की जाणकार मौलाना पाचव्या मिनिटाला मान हलवतात आणि पुढचं ऐकत नाहीत.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे रोज पैगंबरांच्या अंगावर कचरा टाकणाऱ्या म्हातारीची गोष्ट. व्याख्यानांत, शाळेच्या भाषणांत, व्हॉट्सअ‍ॅपवर ती सगळीकडे आहे. हदीसच्या मान्यताप्राप्त संग्रहांत मात्र ती सापडत नाही. ती काढा. क्षमाशीलता दाखवायची असेल तर मक्केजवळच्या ताइफ गावचा प्रसंग घ्या. लोकांनी दगड मारून हाकललं, पाय रक्तबंबाळ झाले असं चरित्रकार लिहितात. आणि बुखारींच्या हदीससंग्रहात स्वतः पैगंबरांनी उहुदच्या युद्धापेक्षाही कठीण म्हणून सांगितलेला दिवस याच प्रवासातला आहे. त्या लोकांचा नाश व्हावा अशी इच्छा त्यांनी धरली नाही. त्यांच्या पुढच्या पिढ्यांतून एका ईश्वराला मानणारे निघतील, ही आशा धरली. हे प्रमाणासह आहे आणि त्या म्हातारीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी खोल जातं.

अखेरच्या हजच्या खुत्ब्याबद्दलही सावध राहा. 632 मध्ये अरफातच्या मैदानावर दिलेल्या या उपदेशाचे भाग वेगवेगळ्या रिवायतींत विखुरलेले आहेत. इंटरनेटवर फिरणारा सलग, एकसंध मजकूर नंतर जुळवलेला असतो. ‘अरबाला अरबेतरावर श्रेष्ठत्व नाही’ हा भाग घ्यायचा तर त्याची रिवायत मौलानांकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या.

तारखांतही गफलती होतात. जन्माचं 570 आणि निधनाचं 632 यांची वजाबाकी 62 येते, पण वय 63 सांगितलं जातं. कारण ती 63 चांद्रवर्षं आहेत. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचं, म्हणजे 63 चांद्रवर्षं साधारण 61 सौरवर्षांइतकी होतात. काही अभ्यासक जन्मसाल 571 धरतात ते यामुळेच. जन्मतारीख सुन्नी परंपरेत रबीउल अव्वल या इस्लामी महिन्याची 12, शिया परंपरेत 17. आणि हिजरी सन हिजरतीच्या, म्हणजे मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतराच्या, दिवशी सुरू होत नाही. हिजरत रबीउल अव्वलमधली, 622 च्या सप्टेंबरमधली. सन मात्र त्या वर्षाच्या मुहर्रमपासून, जुलै 622 पासून मोजतात, आणि ही गणना ठरली खलिफा उमर यांच्या काळात.

वेळेची वाटणी अशी चालते: मक्का, जन्मापासून 610 पर्यंत 7 मिनिटं. पहिल्या वहीपासून (वही म्हणजे पैगंबरांना आलेला ईश्वरी संदेश) हिजरतीपर्यंत 12. मदिनेची पहिली दोन वर्षं 8. उहुद आणि खंदक ही युद्धं, हुदैबियाचा तह ते 630 मधला मक्केचा विजय 8. शेवट 5. बहुतेक संहिता युद्धांवर फुगतात आणि मदिनेचा करार दोन वाक्यांत उरकतात. उलट करा. त्या करारात मदिनेतल्या टोळ्या आणि यहुदी गट एका व्यवस्थेत कसे बांधले गेले, ‘यहुद्यांना त्यांचा धर्म, मुसलमानांना त्यांचा’ हे कलम कसं आलं, हे मराठी प्रेक्षकाला बहुधा नवीन असतं. पण युद्धं आणि यहुदी टोळ्यांशी आलेला संघर्ष गाळू नका. अवघड प्रकरण निवेदकाच्या गोड आवाजात न सांगता जाणकाराच्या तोंडून, कॅमेऱ्यासमोर, संदर्भासह येऊ द्या.

निवेदन मिनिटाला 110 शब्दांपेक्षा वेगाने नको. 40 मिनिटांत निवेदनाला 24 मिनिटं धरली तर 2600 शब्द होतात. पहिली संहिता हमखास पाच हजारांवर जाते. तिथे शब्द कापा, वेग वाढवू नका.

कुणाला वाचायला द्यायची

किमान तिघांना: एक मुफ्ती किंवा आलिम (धर्मशास्त्राचे जाणकार), एक विद्यापीठातले इतिहास किंवा अरबीचे अध्यापक, आणि एक हाफिज (संपूर्ण कुरआन पाठ असलेले). हाफिजांकडे फक्त आयतींची तपासणी. मराठवाड्यात देवबंदी, बरेलवी, अहले हदीस, शिया अशा सगळ्या विचारांचे लोक आहेत, आणि मिलाद (पैगंबर जयंती) साजरा करणं, अवशेषांचं दर्शन घेणं यांवर त्यांची मतं जुळत नाहीत. एकाच विचाराच्या तिघांना दिली तर एकच मत तीनदा मिळतं.

शेरे तोंडी घेऊ नका. संहितेच्या प्रतीवर, तारखेसह, त्यांच्या हस्ताक्षरात घ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम 299 धार्मिक भावना जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने दुखावण्याबद्दल आहे. पुढे कुणी तक्रार केलीच, तर आपण किती काळजी घेतली ते हीच प्रत दाखवते.

मराठवाड्यात काय चित्रित करावं

मक्केत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही आणि मदिनेतही मशिदे नबवीचा (पैगंबरांच्या मशिदीचा) परिसर त्यांना बंद आहे. टीम मिश्र असेल तर सगळ्यांना तिथे जाता येणार नाही. आणि जाण्याची गरजही नाही. मात्र आपली जमीन अरबस्तान म्हणून खपवायची नाही. कोपऱ्यात ‘दृश्य : मराठवाडा’ असं बारीक अक्षरात सगळीकडे लिहा. ते लिहिलं की उपमा प्रामाणिक होते.

काळा खडक हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. मदिनेच्या पूर्वेला आणि पश्चिमेला लाव्हाच्या काळ्या दगडांची पठारं आहेत. त्यांना हर्रा म्हणतात. हा प्रदेश इतका जागृत की 1256 मध्ये मदिनेजवळ ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. आपलं पठारही लाव्हाचंच, फक्त सुमारे साडेसहा कोटी वर्षं जुनं. 627 मध्ये मदिनेवर हल्ला आला तेव्हा शहराच्या उत्तरेलाच खंदक का खणला, हे समजवायला नकाशा अपुरा पडतो. वेरूळच्या डोंगराच्या उतारावर किंवा एखाद्या माळावर सुट्या काळ्या धोंड्यांतून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर न्या. इथून घोडा दौडणार नाही, हे न सांगता कळतं. बाकीच्या बाजूंना असा खडक आणि दाट बागा होत्या, उघडी बाजू उत्तरेची. खंदकाची सूचना इराणहून आलेल्या सलमान फारसी यांची, असं चरित्रकार लिहितात. हाच काळा खडक पहिली वही उतरली त्या मक्केजवळच्या हिरा गुहेसाठी मात्र वापरू नका. मक्केचे डोंगर ग्रॅनाइटच्या कुळातले आहेत, रंगाने आणि पोताने वेगळे.

ही दृश्यं मार्च ते मे दरम्यान, सकाळी 7 ते 9:30 या वेळेत घ्या. जुलैनंतर माळ हिरवा होतो आणि उपमा मोडते. दुपारी काळा खडक पडद्यावर सपाट डागासारखा दिसतो आणि कॅमेराही तापून बंद पडतो.

व्यापारासाठी मोंढा आहे. पैगंबरांना नबुव्वतीआधी, म्हणजे पैगंबर होण्याआधी, ‘अल-अमीन’ म्हणजे विश्वासू म्हणत, आणि खदीजांचा (पुढे त्यांच्या पत्नी) माल घेऊन ते शामला, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूला गेले होते. जालन्याच्या किंवा लातूरच्या मोंढ्यात पहाटे तराजूचं पारडं, धान्याचा नमुना काढायला पोत्यात बुडणारा बंबू, हमालाच्या पाठीवरचं पोतं, हे जवळून घ्या. निवेदनात मापात पाप करणाऱ्यांचा निषेध करणारी 83 वी सूरह ठेवा. इलेक्ट्रॉनिक काटा चौकटीत येऊ देऊ नका, जुना दांडीचा तराजू मागून घ्या. व्यापारी बहुधा आनंदाने काढून देतात.

पाण्यासाठी बारव. मदिनेत गोड्या पाण्याची रूमा नावाची विहीर उस्मान यांनी विकत घेऊन सगळ्यांसाठी खुली केली, हा प्रसंग टँकरची वाट पाहिलेल्या गावाला समजावून सांगावा लागत नाही. परभणी जिल्ह्यात वालूरसारख्या गावांत जुन्या बारवा आहेत. पायऱ्या उतरणारा कॅमेरा, तळाशी पाण्याचा चकाकता तुकडा, आणि फक्त घागर बुडण्याचा आवाज एवढं घ्या.

खुलताबादला हजरत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यात पैगंबरांचा म्हणून जपलेला पेहराव आहे आणि 12 रबीउल अव्वलला त्याचं दर्शन होतं. तिथे गर्दीचं, वाटेचं, फुलांच्या दुकानांचं चित्रण करा. पेहरावाचं चित्रण दर्गा कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय नको, आणि परवानगी मिळाली तरी निवेदनात ‘श्रद्धेनुसार’ हा शब्द हवाच. डोकं झाकलेलं, ट्रायपॉड दर्शनाच्या रांगेबाहेर. आणि पैठण जवळच आहे: एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला तो इथेच. पैगंबरांच्या चरित्राशी त्याचा थेट संबंध नाही, पण या मुलखात दोन धर्म एकमेकांशी मराठीत बोलत आले आहेत, हे सांगायला अर्धा मिनिट त्याला द्या.

मशीद फक्कीने आखणं आणि मातीने बांधणं

माहितीपटाचा कणा इथे आहे, म्हणून इथे वेळ घालवा.

मदिनेतली मशिदे नबवी सुरुवातीला साधारण 35 बाय 30 मीटरची होती. भिंती कच्च्या विटांच्या, खांब खजुराच्या खोडांचे, छत झावळ्यांचं. मिनार नव्हता, घुमट नव्हता. बिलाल हे सहाबी उंच छतावर चढून अजान देत. आज ओळखीचा झालेला हिरवा घुमट कितीतरी नंतरचा: पैगंबरांच्या कबरीवर पहिला घुमट 1279 मध्ये आला आणि हिरवा रंग 1837 मध्ये. सातव्या शतकाच्या निवेदनावर हिरवा घुमट दाखवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

शाळेच्या मैदानावर ही मशीद खऱ्या मापात आखा. लागतं काय: 50 मीटरचा टेप, चार खुंट्या, सुतळी, आणि 25 किलो फक्की. परिघ 130 मीटर होतो. पाच सेंटिमीटर रुंद रेघेला निम्मं पोतं पुरतं, उरलेलं वाऱ्यासाठी धरा. काटकोन नजरेने काढू नका. कोपऱ्यातून एका बाजूला 3 मीटर, दुसऱ्या बाजूला 4 मीटर मोजा आणि त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर 5 मीटर येईपर्यंत सुतळी सरकवा. मग दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही 46 मीटरच्या आसपास आणि एकसारखे हवेत. लांब बाजू उत्तर-दक्षिण. कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर. म्हणजे तसली आठ मैदानं बसतील एवढी ही जागा. हे निवेदनात सांगा, गावातल्या पोरालाही आकार कळतो.

इथेच एक मोठी चूक होते. मराठवाड्यातल्या सगळ्या मशिदींची किब्ला (नमाजेची दिशा) पश्चिमेला, म्हणून मदिनेच्या आराखड्यातही पश्चिमेकडे बाण काढला जातो. मदिना मक्केच्या उत्तरेला आहे. पहिले सोळा-सतरा महिने नमाज उत्तरेला, जेरुसलेमकडे होत होती. 624 मध्ये किब्ला बदलली ती दक्षिणेला, मक्केकडे. तुमच्या आराखड्यात पश्चिमेकडे काही नाही. हा बदल दाखवायला उत्तरेच्या भिंतीवरून दक्षिणेच्या भिंतीकडे कॅमेरा सावकाश वळवा, 12 सेकंदांत. तेवढं पुरतं.

जमिनीवर नाव किंवा आयत लिहायची नाही, कारण तिथून माणसं चालणार. आखण्याआधी मौलानांना दाखवा, शूटिंग संपल्यावर पाणी मारून फक्की पुसा. ड्रोन असेल तर ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर तो भाग हिरव्या क्षेत्रात आहे का ते पाहा. चिकलठाणा विमानतळाच्या आसपास नसतो. ड्रोन नसेल तर शाळेच्या गच्चीवरून एकच कोपरा घ्या. अख्खा आराखडा तिथून तिरका, वाकडा दिसतो. पाण्याच्या टाकीवर चढून शूट करायचा मोह टाळा.

हिरा गुहाही अशीच. आतली जागा जेमतेम 3.7 मीटर लांब आणि 1.6 मीटर रुंद. तेवढा चौकोन आखून त्याच्या शेजारी एक खाट ठेवा. पहिली वही उतरली ती जागा किती लहान होती, हे कुठल्याही ग्राफिकपेक्षा नीट समजतं.

मग भिंत. अख्ख्या मशिदीचं मॉडेल करू नका, हजारो विटा लागतात. 1:20 प्रमाणात फक्त एक कोपरा करा: 60 सेंटिमीटरच्या दोन भिंती, 14 सेंटिमीटर उंच. वीट 2 बाय 1 बाय 1 सेंटिमीटरची धरली तर 840 लागतात, फुटतूट धरून 1000 पाडा. माती पांढरी घ्या, माळवदावर टाकतात ती. शेतातली काळी माती घेतली की विटा दुसऱ्याच दिवशी चिरतात, कारण ती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. तीन भाग पांढरी माती, एक भाग बारीक चाळलेली वाळू, आणि मूठभर चाळलेलं गव्हाचं भुस्कट. रात्रभर भिजवा, सकाळी तुडवून मळा. साचा लाकडी पट्ट्यांचा, आतून तेलाचा हात. सावलीत तीन दिवस वाळवा. उन्हात ठेवल्या तर वरचा थर आधी आकसून वीट धनुष्यासारखी वाकते.

खांबांना शिंदीच्या झावळीचे देठ आणि छताला शिंदीची पानं. ओढ्याकाठची शिंदी ही खजुराचीच चुलत बहीण, पडद्यावर फरक कळत नाही. पानं ताजी असतानाच घाला, वाळलेली कात्री लावली की तडकतात. प्रकाश एकाच बाजूने, वरून तिरका. कॅमेरा विटेच्या उंचीवर ठेवा आणि लेन्स 50 मिलिमीटर किंवा मॅक्रो. वरून शूट केलं की ते शाळेच्या प्रदर्शनातलं मॉडेल दिसतं. विटेच्या उंचीवरून तीच भिंत खरी वाटते, आणि छतातून झिरपणारं उजेडाचं जाळं जमिनीवर दिसतं. भिंत रचणारे हात मात्र चौकटीत नकोत. ही मशीद बांधताना पैगंबरांनी स्वतः विटा वाहिल्या होत्या, त्यामुळे प्रेक्षक तो हात कुणाचा समजेल हे वेगळं सांगायला नको.

आवाज

जिथे चित्र गप्प आहे तिथे आवाज सगळं काम करतो. म्हणून ध्वनीवर कॅमेऱ्याइतकाच खर्च करा.

कुरआनपठण यूट्यूबवरून उचलू नका. त्या ध्वनिमुद्रणावर हक्क असतात. गावातल्या कारींना बोलावून स्वतः रेकॉर्ड करा: खोलीत गाद्या आणि गोधड्या लावा, पंखा आणि फ्रिज बंद, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, आवाजाचं टोक उणे 12 डेसिबलच्या आसपास. पठणाखाली संगीत नाही, पठणावर निवेदन नाही, आयत मध्येच तोडणं नाही. वेळ कमी पडत असेल तर छोटी आयत निवडा. पहिल्या वहीसाठी सूरह 96 च्या पहिल्या पाच आयती पुरतात. त्यानंतर दोन सेकंदांची शांतता, मग वेगळ्या आवाजात मराठी अर्थ.

वाद्यांबद्दल अनेकांचा आक्षेप असतो. वाद्यांशिवायची नात (पैगंबरांचं स्तुतिगीत) आणि निसर्गाचे आवाज यांवर अख्खा चित्रपट उभा राहतो. पितळी झांजा आणि तार सप्तकातली बासरी टाकली की तो पौराणिक मालिकेसारखा वाटू लागतो.

निवेदकाला शब्दांची यादी आधी रेकॉर्ड करून द्या. मराठीत दोन ज आहेत, आणि ते इथे फार उपयोगी पडतात. नमाज, अजान, जकात, रोजा यांतला ज ‘जवळ’ मधल्या ज च्या जवळचा. हज, हिजरत, मस्जिद, खदीजा यांतला ‘जिल्हा’ मधला. दोन्ही एकाच पद्धतीने म्हटले की उर्दू जाणणाऱ्या कानाला टोचतं. पैगंबरांबद्दल आणि सहाबांबद्दल नेहमी आदरार्थी बहुवचन: ‘ते म्हणाले’, ‘त्यांनी केलं’. प्रत्येक प्रकरणात नाव पहिल्यांदा येईल तेव्हा पूर्ण दरूद, म्हणजे आदराची दुआ, ‘सल्लल्लाहु अलैहि व सल्लम’, आणि पुढे नुसतं ‘पैगंबर’. सबटायटलमध्ये (स.) पुरे.

मुलाखतीसाठी 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे 30 फ्रेम आणि 1/60 शटर ठेवलं की ट्यूबलाइट लुकलुकते. कॉलर माइक शेरवानीच्या बटणाच्या आत नको, कापड घासतं. प्रत्येक जागेवर कुणीही न बोलता 30 सेकंद खोलीचा आवाज घ्या. वीज जाणार हे धरूनच चला: दिव्यांना बॅटरी, आणि रात्री डेटा तीन ठिकाणी.

अक्षरं आणि नकाशा

अरबी मजकूर एडिटिंगमध्ये थेट टाइप करू नका. अक्षरं सुटी होतात, उलट्या क्रमाने पडतात, आणि एखादा जेर किंवा जबर (स्वरचिन्ह) गळाला तरी अर्थ बदलतो. मुसहफच्या, म्हणजे छापील कुरआनच्या, अक्षरजुळणीतून आयतीचं चित्र तयार करा आणि ते पडद्यावर, मोठ्या आकारात, हाफिजांना दाखवा. देवनागरीलाही हाच त्रास होतो: अडोबी प्रीमियरमध्ये टेक्स्टसाठी ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसते. फॉन्ट युनिकोडच घ्या. सबटायटल दोन ओळींचं, ओळीत 35 अक्षरांच्या आत.

पोस्टर आणि हँडबिलवर आयत किंवा पैगंबरांचं नाव छापू नका. ते कागद भिंतीवर चिकटतात, मग गटारात जातात. चित्रपटाचं नाव आणि वेळ पुरे.

हिजरतीचा नकाशा साधी रेघ असावी. मदिना उत्तरेला असूनही पहिला टप्पा दक्षिणेला, सौर गुहेकडे होता, हे रेघेत दिसलं पाहिजे. तिथे तीन दिवस रेघ थांबवा, म्हणजे पडद्यावर तीन सेकंद. नकाशा अरबी द्वीपकल्पापुरता कापा. भारत त्यात येणार असेल तर सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हव्यात.

दाखवताना

सार्वजनिक ठिकाणी दाखवायचा तर माहितीपटालाही 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. ‘आपल्याच गावात दाखवतोय’ ही सबब चालत नाही. अर्ज लवकर करा, आणि अर्जाबरोबर पूर्ण संहिता जोडता येईल अशी तयार ठेवा.

त्याआधी कच्चं रूप तीन वेगळ्या बैठकांत दाखवा: आलिमांना, इतिहास न शिकलेल्या कॉलेजच्या मुलांना, आणि घरातल्या मोठ्या बायकांना. मुलं कुठे मोबाइल काढतात ते मिनिट लिहून ठेवा, तिथे निवेदन जड झालेलं असतं. बायका नेमकं तेच विचारतात जे संहितेत राहून गेलेलं असतं: हलीमा कोण, आमिनांचं काय झालं, मुली किती होत्या. उत्तरं चित्रपटातच हवीत.

गावात दाखवताना पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा. लाउडस्पीकर रात्री 10 ला बंद. मगरीब (सूर्यास्ताची नमाज) आणि इशा (रात्रीची नमाज) यांच्या मधल्या वेळात घाई होते, म्हणून इशानंतर सुरू करा. सप्ताह, उरूस किंवा लग्न त्याच दिवशी नाही ना, ते पाहा. पडदा वाऱ्याला आडवा बांधू नका, आणि खालच्या कडेला नळी भरून वाळू घाला, नाही तर निम्म्या चित्रपटात पडदा फुगत राहतो. स्वतंत्र इन्व्हर्टर प्रोजेक्टरला, वेगळा स्पीकरला. वीज जाऊन प्रोजेक्टर अचानक बंद पडला तर त्याचा दिवा थंड व्हायला वेळ द्या, लगेच सुरू करू नका.

संपल्यावर एक वही फिरवा. त्यात चूक दाखवणारा शेरा आला तर नाव, आयत किंवा रिवायत विचारून घ्या, तिघा वाचकांकडे पाठवा, आणि चूक खरी निघाली तर पुढच्या गावाआधी ती दुरुस्त करा. एडिटिंगचा मूळ प्रोजेक्ट यासाठीच जपून ठेवायचा.